बांधावरच्या आंब्याचा वसवा

कोडोलीच्या अलीकडे वीस गुंठ्यांचा तुकडा बघायला गेलो, तेव्हा जमीन दाखवणारा मध्यस्थ झाडांबद्दल माफी मागितल्यासारखा बोलत होता. "झाडांचं मनावर घिऊ नका. जेसीबी लावला की दोन दिसांत रान साफ," असं तो तीनदा म्हणाला. मी मात्र झाडंच बघत होतो. बांधाला दोन रायवळ आंबे, मधोमध जांभूळ, दोन पेरू, एक जुना चिकू आणि कोपऱ्यात वाकलेलं रामफळ. कुणी लावली, कधी लावली, कुणालाच सांगता येईना. मी तिथल्या तिथं ठरवलं, घ्यायचं तर हेच, आणि यातलं एकही पाडायचं नाही. हट्टीपणा माझ्या अंगात पहिल्यापासून आहे. बायको त्याला दुसरा शब्द वापरते, तो इथं लिहीत नाही.

शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत मी पस्तीस वर्षं मोल्डर होतो. वाळू ठोकून साचे करायचे, त्यात वितळलेलं लोखंड ओतायचं, थंड झालं की साचा फोडायचा. दिवसभर एवढा दणदणाट, की घरी येऊन मी साधं पाणी मागितलं तरी सगळ्या गल्लीला कळायचं. निवृत्तीच्या सुमाराला डॉक्टरांनी कान तपासले आणि सांगितलं, जाड आवाज येतील, बारीक आवाज गेले ते गेले. मला त्याचं काही वाटलं नाही. बारीक आवाज म्हणजे डास आणि मोबाईल, गेले तर बरंच झालं, असं मी म्हणालो. काय गेलंय ते या बागेत दोन खोल्या बांधून राहायला आल्यावर कळलं. जास्वंदीवर शिंजीर येऊन बसतो. एवढासा जीव, चोच उघडतो, सगळं अंग हलवून गातो, आणि मला काही म्हणजे काही ऐकू येत नाही. बायको शेजारी उभी राहून सांगते, "आता लई वर गेला. आता थांबला." मी मान हलवतो.

तांबटाची टुकटुक येते. कोकीळ तर कुणालाही ऐकू येईल. बुलबुलाचं बोलणं अर्धंमुर्धं कळतं. पण पहिल्यापासून शेवटपर्यंत, एकही तुकडा न गळता माझ्यापर्यंत पोचणारा गाणारा पक्षी एकच, दयाळ. काळा-पांढरा, शेपटी उभी करून बसणारा. फाल्गुन सरत आला की उजाडायच्या आधी तो बांधावरच्या थोरल्या आंब्याच्या शेंड्यावर बसतो आणि शीळ घालतो. एकदा घातलेली तान पुन्हा तशीच घालत नाही. पहिल्या वर्षी ती शीळ ऐकली त्या पहाटे मी अंथरुणात उठून बसलो आणि रडलो. हे सांगायला मला लाज वाटत नाही.

मग बाग त्याच्या सोयीनं चालवायचं ठरलं. फवारणी बंद. पडलेला पाला जाळायचा नाही, झाडाखालीच कुजू द्यायचा, त्यात किडे होतात आणि दयाळ ते वेचतो. वाळलेली फांदी तोडायची नाही, कारण तिच्यात ढोली होते आणि ढोलीत घरटं होतं. शेंड्याकडची फळं काढायची नाहीत. रामफळ बुलबुलांनी एका बाजूनं कोरलं की उरलेलं बायको खायची आणि म्हणायची, पाखरांनी निवडलेलं फळ कधी आळणी निघत न्हाय. पाहुणे यायचे, इकडंतिकडं बघायचे आणि बाग जरा साफ करून घ्या असा सल्ला देऊन जायचे.

आमच्या घरात जमीन पहिल्यांदा माझ्या नावावर झाली. आजोबा याच भागात दुसऱ्यांच्या रानात राबले, कधी भाकरीवर, कधी नुसत्या हुकमावर. बौद्ध धम्माची दीक्षा घेतल्यावर त्यांनी गावकीची कामं सोडली आणि माझ्या बापानं तर रानच सोडलं. "दुसऱ्याच्या रानात खुरपं घिऊन बसायचं न्हाय," असं सांगून त्यानं फौंड्रीची भट्टी धरली आणि पुढं मलाही तिथंच नेलं. मी शहरात वाढलो. बापानं रान सोडताना रानातले शब्दही तिथंच ठेवले होते, हे मला साठी उलटल्यावर कळलं, आणि कळलं तेही चांगलाच घोळ घालून.

आमच्या बांधाच्या उत्तरेला एका शेतकऱ्याचा एकरभर ऊस आहे. माझ्याच वयाचा माणूस, दारात दोन म्हशी, रोज सकाळी दुधाचा कॅन सायकलला लावून डेअरीला जायचा. आम्ही राहायला आलो त्या पहिल्या वर्षातली गोष्ट. जाताजाता तो बांधाशी थांबला, आंब्याकडं वर बघितलं आणि म्हणाला, "पावणं, वसवा लई हाय की तुमच्या झाडांचा."

वसवा. मी हा शब्द उभ्या आयुष्यात ऐकला नव्हता. पण वसणं माहीत होतं, वस्ती माहीत होती. वर फांदीवर सात-आठ पोपट कालवा करत होते. मला वाटलं, हा माणूस झाडावर वसलेल्या पाखरांचं कौतुक करतोय. माझी छाती फुगली.

"हाय की!" मी मोठ्यानं म्हणालो. मी सगळंच मोठ्यानं बोलतो. "अजून वाढवणार हाय. पुढच्या वर्षी बांधाला आणखी दोन झाडं लावतोय. तुमच्या रानात बी होऊ दे थोडा वसवा!"

तो माझ्याकडं बघत राहिला. सायकलवर टांग टाकून निघून गेला. मी घरात येऊन बायकोला सांगितलं, शेजारी बघ कसा रसिक मिळालाय. ती नेसरीकडची, शेतमजुराची लेक. तिनं हातातलं पीठ तसंच ठेवून कपाळाला हात लावला.

"अवो, वसवा म्हंजे झाडाची सावली पिकाला बाधती त्यो! त्यो म्हणत हुता, तुमच्या झाडापायी त्याचा ऊस मरतोय. आन तुमी म्हणाला, अजून वाढवतो?"

दुसऱ्या दिवशी खुलासा करायला मी सकाळपासून बांधावर उभा राहिलो. तो आला, पण मान वळवून गेला. तिसऱ्या दिवशी तसंच. आठवडाभरात चहाच्या टपरीवर मला विचारणा झाली, की पावण्यानं मुद्दाम वसवा वाढवायचा पण केलाय हे खरं का. मी सांगितलं, चूक झाली, शब्द माहीत नव्हता. सगळे हसले. मराठी माणसाला वसवा माहीत नाही, यावर कुणी विश्वास ठेवेना. मग मलाही राग आला. नसेल ठेवायचा तर नका ठेवू. झाड माझं, बांध माझा, सावली काय मी पाडतोय, ती सूर्य पाडतो. असं म्हणून मी दोन वर्षं काढली. ती दोन वर्षं आम्ही एकमेकांना बांधाच्या दोन बाजूंनी बघत होतो आणि बोलत नव्हतो. त्यात माझा दोष जास्त होता, हे आज लिहितो. तेव्हा कुणी म्हटलं असतं तर भांडलो असतो.

तिसऱ्या वर्षी एप्रिलच्या अखेरीला एका सकाळी तो मोटरची करवत आणि झाडं तोडणारा एक माणूस घेऊन आला. थोरल्या आंब्याची एक जाडजूड फांदी त्याच्या रानावर गेली होती. ऊस तुटून गेला होता, उरलेल्या मुळांतून खोडव्याचे कोंब वर आले होते, आणि फांदीखाली ते कोंब पिवळे पडलेले होते.

"बुडका तुमचा, पर रानावरची फांदी माझी," तो म्हणाला. दोन वर्षांनी माझ्याशी बोललेलं हे पहिलं वाक्य. "आज पाडणार."

त्या फांदीत ढोली होती आणि ढोलीत दयाळाचं घरटं होतं. फांदी गेली तर घरटं जाणार होतंच. पण ती फांदी म्हणजे झाडाचा अर्धा भार, ती उतरवली की पोकळ झालेला म्हातारा बुंधा उरलेल्या बाजूला कलणार आणि पहिल्या वादळात आडवा होणार, हे पस्तीस वर्षं वजनं पेलणाऱ्या माणसाला कुणी सांगायला नको होतं. मी घराकडं पळालो आणि शिडी घेऊन आलो. त्याला वाटलं, मी आडवा पडायला आलोय.

"आधी वर चढून ढोलीत बगा," मी म्हणालो. "मग काय करायचं ते करा."

"मी कशाला बगू?"

"फांदी तुमची म्हणताय न्हवं? मग तिच्यातलं घर बी तुमचंच की."

तोडणारा माणूस हसला. त्याच्यासमोर माघार कशी घ्यायची, म्हणून असेल, पण शेतकऱ्यानं पायजमा वर खोचला आणि चढला. ढोलीत डोकावला. बराच वेळ डोकावून राहिला. दयाळाची जोडी वरच्या फांदीवरून त्याच्यावर तुटून पडायला बघत होती.

"चार हायती," तो शिडीवरूनच म्हणाला. "तोंडं उघडून बसल्यात. मलाच आय समजाल्यात."

खाली उतरून त्यानं हात झटकले. "किती दिस लागतील उडायला?"

"पंधरा."

"मिरगापतुर सोडतो. मग मातूर न्हाय ऐकणार कुणाचं."

मृग म्हणजे जूनचा पहिला आठवडा. माझ्या हातात महिना होता. पहिलं काम मी केलं ते सावली मोजायचं. बांबूच्या खुंट्या घेतल्या आणि सकाळी, दुपारी, संध्याकाळी सावलीच्या कडेवर ठोकत गेलो. मला सिद्ध करायचं होतं, की तो उगाच बोंबलतोय. चौथ्या दिवशी तो येऊन खुंट्यांकडं बघत उभा राहिला.

"ही उन्हाळ्याची सावली हाय पावणं. सूर्व्या डोस्क्यावर हाय आता. थंडीत येऊन मोजा, कुठंपतुर जाती बगा. आन सावलीचं एक झालं. मुळ्या खालनं पाणी पित्यात त्ये कशानं मोजणार?"

मी खाली बसून खोडव्याचे कोंब बोटांनी चाचपले. आंब्याकडच्या तीन सऱ्यांत ते करंगळीएवढे होते. पलीकडं चौथ्या सरीत चांगले अंगठ्याएवढे. हे कळायला खुंट्या लागत नव्हत्या. दोन वर्षांपूर्वी बांध ओलांडून नुसतं बघितलं असतं तरी कळलं असतं. तो खरं बोलत होता, आणि मी त्याला पुढच्या वर्षी अजून वाढवतो असं सांगितलं होतं. मला माझीच लाज वाटली.

पण लाज वाटली म्हणून झाड सोडायचं, हे मला मान्य नव्हतं. घरी येऊन बायकोपुढं बसलो. तिनं ऐकून घेतलं आणि सहज म्हणाली, "आमची आई परड्यात फणसाच्या बुडाला हळद लावायची. उनापरास आडोशाला बरी यायची. उसाला वसवा चालत न्हाय, हळदीला काय हुतंय?"

मी तिच्याकडं बघतच राहिलो. तीन वर्षं हिच्याशेजारी बसून मी पाखरं ऐकत होतो आणि हे कधी विचारलं नव्हतं.

वैशाख पौर्णिमेला आमच्याकडं खीर होते. बुद्धमूर्तीपुढं ठेवून झाल्यावर मी एक वाटी झाकून घेतली आणि तीन वर्षांत पहिल्यांदा त्याच्या दारात गेलो. तोवर दयाळाची चारही पिल्लं उडाली होती. तो म्हशीला वैरण टाकत होता. आधी माफी मागितली. वसवा शब्द मला खरंच माहीत नव्हता, हे सांगितलं. मग कामाचं बोललो. "बांधाकडच्या तीन सऱ्या मला राबायला द्या. बियाणं मी आणतो, लावतो, खुरपतो, पाला टाकतो, काढून देतो. हळद सगळी तुमची. फांदी तेवढी राहू द्या."

तो वाटी हातात घेऊन उभा राहिला. "तुमी खुरपणार? माझ्या रानात?"

तो काय विचारतोय ते मला कळलं. तो या गावात म्हातारा झालेला माणूस होता. पूर्वी त्या रानात कुठल्या घरांतली माणसं खुरपायला बसत, हे त्याला माझ्याइतकंच ठाऊक होतं.

"व्हय," मी म्हणालो. "पर कुणाच्या हुकमानं न्हाय. माझ्या झाडापायी."

त्यानं उभ्याउभ्या खीर खाल्ली. वाटी विसळून आणली. मग म्हणाला, "खुरपणी तुमची, राखण तुमची. तण दिसलं त्या दिवशी फांदी खाली. कबूल?"

"कबूल."

मृगाला मी तिन्ही सऱ्यांतला खोडवा उपटून हळद लावली. गड्डे मातीत पुरले आणि वर आंब्याचा सुकलेला पाला अंथरला. पहिल्या दिवशी खुरपायला बसताना गुडघ्यांनी त्रास दिला आणि गुडघ्यांपेक्षा मनानं. रस्त्यावरून जाणारे थांबून बघायचे. टपरीवरून निरोप यायचे, की पावणं, आमच्या बी रानात या की खुरपायला. मी उलट सांगायचो, झाडं लावा बांधाला, येतो. पुण्याहून मुलाचा फोन आला. त्याला कुणीतरी सांगितलं होतं. "पप्पा, आजोबांनी काय सांगितलं होतं? आणि तुम्ही हे काय करताय?" मी म्हणालो, तुझा पणजा पोटापायी खुरपत होता, मी दयाळापायी खुरपतोय. बोलायला ते वाक्य सोपं होतं. रोज सकाळी त्या बांधापलीकडं उतरताना बाप आठवायचा, आणि तरीही मी उतरायचो. एकदा शब्द दिला होता.

आषाढात हळद वर आली. श्रावणात पानं मांडीपर्यंत गेली, रुंद आणि हिरवीगार. पाल्याखाली गांडुळं झाली, किडे झाले. एका सकाळी मी खुरपत होतो आणि मागं काहीतरी हललं. दयाळ होता. मी खुरप्यानं पाला उलटायचा आणि तो माझ्यामागून चार हातांवर किडे टिपत यायचा. मी थांबलो की तोही थांबायचा आणि माझ्याकडं बघायचा, गडी का थांबला म्हणून. शेजारचा शेतकरी पलीकडच्या सरीतून हे बघत होता.

भाद्रपदात मला ताप आला. अंग मोडून आलं, उठून बसता येईना. बायकोनं मला कोल्हापूरला दवाखान्यात नेलं आणि डॉक्टरांनी ठेवूनच घेतलं. तणाला भाद्रपदाइतका चांगला महिना नाही. पाऊस उघडझाप करतो आणि मध्ये कडक ऊन पडतं. मी सलाईनकडं बघत हिशेब करत होतो, आज बोटभर झालं असेल, आज वीतभर. बायको म्हणाली, त्याला फोन करते, आजारी हाय म्हणून सांगते. मी नको म्हणालो. ठरलं ते ठरलं. तण दिसलं की फांदी खाली, यात ताप आला तर सूट, असं कुठं बोललो होतो? ती चिडली. मला म्हणाली तो शब्द दवाखान्यात सगळ्यांनी ऐकला.

आठ दिवसांनी सोडलं. रिक्षा बांधाशी थांबली तेव्हा बायको पिशव्या उतरवत होती आणि मी आधी वर बघितलं. फांदी होती. मग खाली बघितलं. तिन्ही सऱ्या हातानं पुसल्यासारख्या स्वच्छ होत्या. उपटलेल्या तणाचा ढीग बांधावर सुकत होता, आणि तिसऱ्या सरीच्या टोकाला तो शेतकरी स्वतः उकिडवा बसून खुरपत होता.

"तण कुणी काढलं?" मी विचारलं.

"भुतानं."

"मला यायला जमलं न्हाय. ताप आलाता."

"कळलं. तण काय तुमच्या तापासाठी थांबतंय?"

मी धीर केला. जे ठरलं होतं ते आपणच विचारावं. "मग आता फांदी पाडणार?"

त्यानं मान वर केली. मी मोठा गुन्हा केल्यासारखं माझ्याकडं बघितलं.

"येडं का खुळं तुमी? पाडा म्हणं फांदी! मग ह्या भादव्याच्या उनात हळदीवर काय तुमी छत्री धरून उभारणार व्हय?"

मला हसू आलं आणि त्याच दमात रडूही आलं. मी बांधावरच टेकलो. त्याच्याशेजारी दुसरं खुरपं पडलं होतं. ते घ्यायला मी हात पुढं केला, तर त्यानं ते उचलून आपल्या पलीकडं ठेवलं.

"बसा सावलीला," तो म्हणाला, आणि पुढच्या गड्ड्याला लागला.